धोंडाळ अजून दाराशीच उभा आहे

प्रिय मामा,

मामीला आत नेऊन वीस मिनिटं झाली. डॉक्टर म्हणाले, दीड-दोन तास लागतील. तेवढ्या वेळात मला तुमच्या तेराव्या पुस्तकाचा शेवट लिहायचा आहे. मामी शुद्धीवर आली की आधी तोच मागणार आहे, आणि तो मला ठाऊक नाही! तुम्हाला नाही तर कुणाला विचारू?

हिंगोलीतल्या दवाखान्याच्या पहिल्या मजल्यावर, ऑपरेशन थिएटरबाहेरच्या लोखंडी खुर्चीवर बसलोय. मांडीवर वही आहे. एकतीस वर्षं दैनिकाच्या डेस्कवर काढली, पान सोडायची वेळ एकदाही चुकवली नाही. आज अक्षर बघा कसं येतंय. तुम्ही असता तर म्हणाला असता, "पत्रकारसाहेब, असा अर्ज तहसिलीतला आवक कारकून परत फेकतो."

ऑपरेशन पित्ताशयाचं आहे. तसं रोजचंच, असं सगळे म्हणतात. पण मामीचं वय आणि तिचं हृदय बघता भूल देताना जपावं लागेल, असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना त्यांनी माझ्याकडे न बघता कागदाकडे बघितलं. त्या कागदावर मी सही केली. 'जोखीम समजावून सांगितली, ती समजली आहे.' काय समजलं मला? काहीही नाही.

आता मुख्य गोष्ट. मी मामीशी खोटं बोललो होतो.

तुम्ही गेल्यावर पाचव्या दिवशी ती ओसरीत बसली होती. लोक येत होते, जात होते. मध्येच तिनं मला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "दिगू, ह्यांचं शेवटचं प्रकरण झालं होतं का रे?" मी म्हणालो, "झालं होतं. माझ्याकडं आहे. टाइप करून आणतो." का म्हणालो? ती आदल्या दिवसापासून जेवली नव्हती, एवढंच कारण. 'झालं होतं' ऐकल्यावर तिनं अर्धी भाकरी खाल्ली. मला वाटलं, चार दिवसांत विसरेल. मामा, मी काय तुमच्या बायकोला ओळखत नव्हतो?

वर्षभर तिनं विषय काढला नाही. परवा तपासणीहून परत येताना रिक्षातच म्हणाली, "ते प्रकरण घेऊन ये. आत जायच्या आधी ऐकून जाते. न्हाई तर जीव अडकून राहील."

तुमचे कागद मी पुन्हा काढले. पण तुम्ही धोंडाळला कुठवर आणून ठेवलंत बघा! तांबड्या शहरातल्या मांत्रिकाच्या माणसांनी त्याची मेंढी पळवली आहे. सोनं नाही, राजकन्या नाही, एक मेंढी. ती परत आणायला तो तलवार घेऊन महालाशी पोचतो. महालापुढच्या चौकात शेकडो माणसं दगड होऊन उभी आहेत. हातात पिशव्या, हातात कागद, एका बाईच्या कडेवर दगडाचं लेकरू. मांत्रिक कुणाला दिसत नाही. तो दाराआडून एवढंच म्हणतो, "उद्या या." ऐकणारा उभ्या जागी दगड होतो. मग तुमची शेवटची ओळ: 'धोंडाळ दाराशी आला.' आणि पुढचं पान कोरं.

असं कुणी करतं का, मामा? शेवट सुचला नव्हता की बोटं चालेनाशी झाली होती? मी दिवाळीत विचारलं, तेव्हा म्हणालात, "घाई काय आहे?" कुणाला नव्हती घाई? तुम्हाला?

तर काल दुपारी मी बसलो आणि शेवट लिहून टाकला. दीड तासात, चार पानं. शब्दसंख्या बरोबर, परिच्छेद नीट. आज सकाळी मामी हिरवा गाउन घालून कॉटवर बसली होती. गाउनवर तिचा फार राग. "शाळेतल्या नाटकातलं झाड दिसून राहिले मी," म्हणाली. मग डोळे मिटून ऐकायला लागली. मी दुसऱ्या पानावर आलो, तसा तिनं एक डोळा उघडला.

"थांब. काय केलं त्यानं?"

"हात जोडले."

"कोणापुढं?"

"मांत्रिकापुढं. ती दगड झालेली माणसं सोडावीत म्हणून. म्हणजे, त्यांच्यासाठी."

तिनं दुसराही डोळा उघडला. "हे ह्यांचं न्हाई."

मी काहीतरी बोलायला गेलो. तिनं हात वर केला. "दिगू, तुझे मामा सकाळी दहापासून पाचपर्यंत अर्जात दुसऱ्यांचे हात जोडून द्यायचे. घरी येऊन धोंडाळलाबी तेच करायला लावतील व्हय?"

मग मी सांगितलं. शेवट नव्हताच, मीच लिहिला, त्या दिवशी खोटं बोललो. मला वाटलं, ती रडेल. ती म्हणाली, "वरच्या पानावर तो 'परंतु' म्हणाला तवाच कळलं मला. धोंडाळ आन् परंतु!" तेवढ्यात न्यायला माणसं आली. स्ट्रेचरवर आडवी होता होता तिनं माझं मनगट धरलं. "मी बाहेर येईस्तोवर नीट लिही. वेळ कधी चुकली न्हाई म्हणतोस ना पेपरात? मग आता चुकवू नको."

दार बंद झालं. मला साधं 'हो' म्हणायलाही वेळ मिळाला नाही. आत जाताना तिला माझ्यावर विसंबावं वाटलं की माझा राग आला, हेही कळलं नाही.

मामा, धोंडाळला हात जोडायला मीच लावलं. आठवडाभर मी दुसरं काय करतोय? डॉक्टरांपुढे, रिपोर्ट देणाऱ्या खिडकीपुढे, रक्ताची चिठ्ठी लिहिणाऱ्या बाईपुढे. लिहिताना तेच हातातून उतरलं.

तुमचं टेबल आठवतं. कळमनुरीच्या तहसिलीच्या भिंतीला लागून, लिंबाखाली. फुलस्केप, कार्बन, टाचण्यांची डबी, आणि समोर उकिडवी बसलेली दहा-बारा माणसं. 'मेहेरबान तहसीलदार साहेब यांचे सेवेशी, अर्जदार नम्र विनंती करतो की.' शाळा सुटली की मी तिथं यायचो. गर्दी ओसरली की तुम्ही बिघडलेल्या अर्जाचा कागद उलटा करायचात आणि पाठकोऱ्या बाजूला धोंडाळ लिहायचात. वर विनंती, पाठीमागे तलवार. त्या वेळी मला ते काटकसरीचं वाटायचं.

आणि ते पान सत्तेचाळीस! निराधार बाईच्या अर्जाला तुम्ही घाईत चुकून कादंबरीचं पान टाचलंत आणि ते आत गेलं. दुसऱ्या दिवशी कारकून फाइल घेऊन थेट लिंबाखाली आला. तुमचा चेहरा पांढरा पडला होता. तो म्हणाला, "अर्जनवीस, बाई निराधार आहे हे बराबर. पण हा सापाच्या विहिरीत उतरलेला माणूस कोण? आन् तो वर आला का न्हाई?" त्या बाईचं काम आठवड्यात झालं. पुढचं पान मिळावं म्हणूनच झालं, असं मामी अजून सांगते.

मेंढ्या राखणारे सखारामबाबा आठवतात? बाजाराच्या दिवशी हमखास यायचे. त्यांचा चराईचा अर्ज किती वर्षं चालला, देव जाणे. अर्जाचं विचारायच्या आधी ते विचारायचे, "धोंडाळ कुठवर आला?" एकदा मी त्यांना म्हटलं, "बाबा, प्रत्येक पुस्तकात तेच तर असतं. तो येतो, मारामारी करतो, निघून जातो." तेव्हा मी कॉलेजात होतो, मला फार कळायचं. ते म्हणाले, "लेकरा, त्याला सातबारा न्हाई, जातीचा दाखला न्हाई, रहिवासी न्हाई. आन् कुणी मागतबी न्हाई. लई नशीबवान गडी हाय. आमी त्येच बघाया येतो."

ते वाक्य मी तेव्हाच लिहून ठेवायला हवं होतं. त्याऐवजी पुढे काय लिहिलं, ते तुम्हाला माहीत आहे. रविवारच्या पुरवणीत माझा लेख आला होता, वाचनाच्या घसरलेल्या दर्जाबद्दल. त्यात तलवारी आणि मांत्रिकांची पुस्तकं म्हणजे 'वेळ मारून न्यायचं साधन' असं एक वाक्य होतं. तुमचं नाव नव्हतं. नाव घालायची गरजही नव्हती. तुम्ही ते कात्रण माझ्या इतर कात्रणांबरोबर जपून ठेवलंत आणि एक शब्द बोलला नाहीत. मामा, तुम्ही भांडायला हवं होतं! गप्प का बसलात?

वेळ मारून न्यायचं साधन. आज घड्याळाकडे बघत बसलोय, तेव्हा कळतंय की मारून न्यायची वेळ केवढी मोठी असू शकते.

पुस्तकांत दोष नव्हते असं मी आजही म्हणणार नाही. पहिल्या तीन पुस्तकांत प्रत्येक बाई खांबाला बांधलेली! मामीनंच एकदा विचारलं ना, "हिला सोताचे हात न्हाईत का हो?" चौथ्यापासून तुमच्या बायका आपल्या दोऱ्या आपणच सोडायला लागल्या आणि वर धोंडाळला उशीर झाला म्हणून झापायला लागल्या. तिथून पुस्तकं जास्त खपली.

पण मूळ गोष्ट तुम्ही कधी बदलली नाहीत. धोंडाळला भूक लागते, थंडी वाजते, भीतीही वाटते. शहरातले शहाणे त्याला रानटी म्हणतात आणि पाठीमागून घाव घालतात. जादूपुढे त्याच्याकडे फक्त दोन हात आणि एक पातं असतं. मी डेस्कवर असताना म्हणायचो, जादू कुठून आणता, आपल्याकडे कोण विश्वास ठेवणार? आता या खुर्चीत बसून वाटतं, ज्या गोष्टीचं कारण आपल्याला कुणी सांगत नाही आणि जिच्यावर आपलं सगळं अवलंबून असतं, तिला दुसरं काय म्हणायचं? ते रिपोर्टवरचे आकडे. आतल्या यंत्राचा तो टूं-टूं आवाज. तुमचे वाचक सगळे असल्याच दारांबाहेर बसलेले होते. त्यांना उपदेश नको होता. एखाद्या माणसानं तरी आत जावं, एवढंच हवं होतं.

बारावं पुस्तक निघालं आणि प्रकाशकानं धंदाच बंद केला. तरी तुम्ही तेरावं लिहायला घेतलंत. एका मामीसाठी.

मध्ये पेन ठेवावं लागलं. दार उघडून एक सिस्टर बाहेर आल्या. मी उभा राहिलो, वही खाली पडली. त्या माझ्याकडे न बघता जिन्यानं खाली गेल्या. पाच मिनिटांनी काहीतरी झाकलेलं घेऊन परत आल्या आणि आत गेल्या. काय होतं ते? एक तास दहा मिनिटं झालीत.

शेजारच्या खुर्चीवर कुरुंद्याच्या एक बाई आहेत. नवऱ्याचं हर्नियाचं ऑपरेशन काल झालं, तो वॉर्डात झोपलाय. घरी हळद शिजवायचं काम चालू आहे, त्यांची नखं अजून पिवळी आहेत. वही त्यांनीच उचलून दिली.

"दादा, मघापासून काय लिहून राहिले?"

मी सांगितलं, एक गोष्ट अडली आहे. त्या म्हणाल्या, "मग सांगा की. बसून तर राहिलोत." मी धोंडाळ सांगितला. मेंढी, चौक, दगडाची माणसं. सुरुवातीला त्या मोबाइलकडे बघत ऐकत होत्या. दगडाच्या लेकरापाशी मोबाइल पिशवीत गेला.

"मग? दार तोडलं का न्हाई?"

"तिथंच अडलंय. दार जादूचं आहे. तोडायचं कसं?"

"कुलूप होतं?"

मी वहीत लिहिलेलं पुन्हा वाचलं. "तसं लिहिलेलं नाही."

"कडी?"

"नाही."

"इतक्या लोकांपैकी कुणी ढकलून बघितलं होतं का?"

मामा, मी तुमची सगळी पानं मनातल्या मनात चाळली. कुणीच ढकललं नव्हतं! सगळे आतून बोलावण्याची वाट बघत उभे होते. हे तुम्ही मुद्दाम ठेवलं होतंत ना? ठेवलं असेलच. की हे फक्त त्या बाईंना आणि मला वाटतंय?

मी लिहायला लागलो. धोंडाळ दार ढकलतो, दार उघडतं. आत मांत्रिक म्हणतो, "उद्या ये." आणि काहीच होत नाही. कारण धोंडाळला उद्या कळत नाही. त्याच्या टेकड्यांवर असलं काही नसतं. त्याला भूक आता लागली आहे आणि त्याची मेंढी आता आत ओरडते आहे. तो मांत्रिकाला बाजूला सारतो आणि मेंढी खांद्यावर घेतो. बाहेरच्या दगडी माणसांकडे तो बघतसुद्धा नाही. दार तेवढं उघडं टाकून जातो.

दीड पान झालं. त्यात 'परंतु' नाही. मान वर केली तर दोन तास होऊन गेले होते.

"दादा," बाई म्हणाल्या, "तुमच्या पेशंटला लई वेळ झाला. विचारा की जाऊन."

"बोलावतील ना. ते म्हणाले होते, बसा म्हणून."

"म्हणू द्या. तुमी विचारा."

मी उठलो. खिडकीशी जाईपर्यंत मनात सगळं वाईट ते येऊन गेलं. कुणाला आधी फोन करायचा, हेही ठरवून झालं. खिडकीतल्या सिस्टरनी रजिस्टर बघितलं आणि म्हणाल्या, "आजी ना? त्यांना तर अर्धा तास झाला मागच्या दारानं वॉर्डात नेलं. ठीक आहे सगळं. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं. अर्धा तास मामी एकटी पडून होती, मामा. मी वीस पावलांवर बसून होतो. राग कुणावर काढू?

आता हे वॉर्डाबाहेर उभा राहून लिहितोय. डॉक्टर भेटले. ऑपरेशन नीट झालं, पण आजची रात्र लक्ष ठेवावं लागेल, हृदयाचे ठोके थोडे चुकताहेत. 'थोडे' म्हणजे किती, हे या वेळी मी विचारलं. त्यांनी बसवून, कागदावर रेघ काढून समजावलं. काळजी मिटली नाही. पण आता ती कशाची आहे, हे तरी माहीत आहे.

पाच मिनिटं आत सोडलं. मामीचे ओठ कोरडे पडले होते, नाकाला नळी. तिनं मला ओळखलं. जीभ वळत नव्हती. तरी म्हणाली, "वाच."

मी वाचलं. पहिली ओळ. दुसरी. तिसऱ्या ओळीला धोंडाळनं दाराला हात लावला. चौथ्या ओळीला दार उघडलं आणि मामी "हं" म्हणाली. मग तिचे डोळे मिटले. तो गोष्टीला दिलेला हुंकार होता की टाके दुखले म्हणून निघालेला आवाज, मला कळलं नाही. उरलेला वेळ मी तिच्या छातीकडे बघत राहिलो. ती वर-खाली होत होती. सिस्टर म्हणाल्या, झोपल्यात, झोपू द्या.

म्हणून शेवट पसंत पडला की नाही, हे मी तुम्हाला आज सांगू शकत नाही. पण एक कबूल करतो, मामा. तिला जाग येईल तेव्हा, मग ती कितीही वाजता येवो, मी पाचव्या ओळीपासून वाचीन. ती म्हणाली की हे ह्यांचं न्हाई, तर फाडीन आणि पुन्हा लिहीन. तिला जितक्यांदा फाडायला लावायचं असेल तितक्यांदा. तिनं फक्त म्हणायला राहावं.

तुमचा भाचा,
दिगू